नव्याने भाजीपाला करणाऱ्याने जागा कशी निवडावी?

आपल्या हाताने पिकविलेली ताजी भाजी रोज घरात यावी, अशी इच्छा पुष्कळांना असते. परंतु ज्यांच्यापाशी स्वतःची बागायत जमीन नाही, त्यांना त्यासाठी दुसऱ्याच्या शेतातील चार-दोन गुंठ्यांचा तुकडा खंडाने घ्यावा लागतो. भूमिहीन शेतमजूर, कोरडवाहू शेतकरी आणि महिलांचे बचत गट अशी कितीतरी मंडळी आज या वाटेने भाजीपाल्याकडे वळत आहेत. अशा कुटुंबाजवळ भांडवल थोडे असते. बी, खत आणि कुंपण यांवर केलेला खर्च व घरातील माणसांचे सहा महिन्यांचे श्रम पहिल्याच वर्षी वाया गेले, तर ते कुटुंब पुन्हा भाजीपाल्याच्या वाटेला सहसा जात नाही. अशा वेळी बियाण्यास दोष दिला जातो, नशिबासही दिला जातो; परंतु पुष्कळदा खरा दोष निवडलेल्या जागेचा असतो. खताची मात्रा चुकली तर ती पुढील हंगामात सुधारता येते. जागा चुकली तर ती चूक खंडाची मुदत संपेपर्यंत पाठ सोडीत नाही.

भाजीपाल्यासाठी लहान तुकडे भाड्याने देण्याची पद्धत इंग्लंडात बरीच जुनी आहे. तेथे अशा तुकड्यास ‘अलॉटमेंट’ म्हणतात. लोकांची मागणी असल्यास असे तुकडे उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य १९०८ च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर सोपविले. तेथील रूढ तुकडा दहा चौरस रॉडचा असतो. आपल्या मापाने तो बरोबर अडीच गुंठे भरतो. एका कुटुंबाच्या भाजीसाठी एवढी जमीन पुरेशी मानली जाते. आज नवख्या माणसास आरंभी अर्धाच तुकडा देण्याची प्रथाही तेथे अनेक ठिकाणी आहे. कारण आवाक्याबाहेरची जमीन घेऊन ती तणात सोडून देण्यापेक्षा थोडी जमीन नीट राखणे सर्वांच्याच हिताचे असते. ही गोष्ट आपल्याकडील नवख्यानेही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दोष दोन प्रकारचे

जमिनीचा कोणताही तुकडा सर्वगुणसंपन्न नसतो. म्हणून जागा पाहताना तिच्यात दोष आहेत की नाहीत, एवढेच पाहून चालत नाही. दोष कोणत्या प्रकारचे आहेत, हे पाहावे लागते. काही दोष श्रमाने, खताने आणि थोड्या धीराने दूर होतात. तण, ओबडधोबडपणा, सेंद्रिय द्रव्यांची उणीव व कुंपण नसणे हे अशा प्रकारचे दोष होत. दुसरे काही दोष लहान शेतकऱ्याच्या हाताबाहेरचे असतात. उन्हाळ्यात आटणारी विहीर, वीतभर मातीखाली लागणारा खडक, दरवर्षी येणारे पुराचे पाणी, उंच झाडांची सावली आणि घरापासूनचे अंतर ही त्यांची उदाहरणे आहेत. पहिल्या प्रकारच्या दोषांना भिऊ नये आणि दुसऱ्या प्रकारच्या दोषांकडे कानाडोळा करू नये, हे जागेच्या निवडीचे मुख्य सूत्र आहे.

समजा, एका कुटुंबास भाजीपाल्यासाठी अडीच गुंठे जमीन हवी आहे आणि गावात तीन तुकडे मिळण्यासारखे आहेत. पहिला तुकडा माळाच्या कडेस, सडकेला लागून आहे; तो सपाट व स्वच्छ असून त्याचा खंडही सर्वांत कमी आहे. दुसरा ओढ्याकाठचा आहे. त्याची मळईची माती हातात घेताच मन प्रसन्न होते. तिसरा गावाजवळच्या जुन्या विहिरीशेजारी पडीक राहिलेला आहे. त्यात हरळी व लव्हाळा माजला असून जागोजागी खड्डे आहेत. नवखा माणूस पहिला किंवा दुसरा तुकडा पसंत करील आणि तिसऱ्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी तिन्ही तुकडे पुढील कसोट्यांवर पारखून पाहिले पाहिजेत.

पाणी: वैशाखाचा हिशेब

भाजीपाल्याची पहिली कसोटी पाण्याची आहे आणि ती दिवाळीच्या सुमारास भरलेली विहीर पाहून लागत नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर पाणी होय. अडीच गुंठे म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर. देशावर ऐन उन्हाळ्यात वाढीला लागलेल्या भाजीपाल्याची पाण्याची गरज दिवसाला ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत जाते. म्हणजे सर्व क्षेत्रावर पीक उभे असेल, तर दररोज सुमारे २,००० लिटर पाणी लागते. पंधरा लिटरच्या घागरीने मोजल्यास हे १३० हून अधिक खेपांचे पाणी झाले. डोक्यावरून वाहिलेल्या पाण्यावर एवढा मळा उन्हाळ्यात जगविता येत नाही, हे यावरून उघड होते. पाणी हातानेच द्यावयाचे असेल तर आरंभ अर्ध्या गुंठ्याने करावा. त्यास याच हिशेबाने दिवसाकाठी सुमारे ४०० लिटर पाणी पुरते. उसाचे पाचट किंवा भुसा यांचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन कमी होते, आणि ठिबकाने दिलेले पाणी वाटेत वाया जात नाही. तरीही जेवढे पाणी तेवढेच क्षेत्र, हा नियम सुटत नाही.

जागा हिवाळ्यात पाहावयाची वेळ आली, तर उन्हाळ्यातील पाण्याची चौकशी शेजारच्या शेतकऱ्यांकडे व पाणी भरणाऱ्या स्त्रियांकडे करावी. ‘‘मावशी, अक्षय्य तृतीयेला या विहिरीवर घागर बुडते का?’’ या एका प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या अंदाजांपेक्षा अधिक उपयोगी पडते. पंप सलग किती तास चालतो आणि विहीर उपसल्यावर पाणी पुन्हा किती वेळात पूर्वीच्या पातळीवर येते, हेही विचारावे. विहीर सामाईक असल्यास आपली पाळी कोणत्या दिवशी व किती तासांची, हे आधीच ठरवून घ्यावे. केवळ कालव्याच्या पाण्यावर अवलंबून राहावयाचे असेल, तर आवर्तनांतील अंतर पाहावे. दोन-तीन आठवड्यांनी येणाऱ्या पाण्यावर मेथी, पालक, कोथिंबीर यांसारख्या उथळ मुळांच्या भाज्या उन्हाळ्यात तग धरीत नाहीत. पाणी मचूळ लागत असल्यास त्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. लागवड झाल्यावर पाणी शोधू लागणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच आहे.

माती: वरून नव्हे, खालून पाहावी

मातीचा रंग पाहून जमिनीची पारख पुरी होत नाही. तुकड्यात तीन ठिकाणी दोन-दोन फूट खोल खड्डे घ्यावेत. पालेभाज्या एक फूट मातीतही येतात. परंतु टोमॅटो, वांगी, भेंडी यांच्या मुळांना दीड ते दोन फूट मोकळी माती मिळाल्यास झाडे जोमदार वाढतात व पाण्याचा ताण सोसतात. वीतभर मातीखाली कठीण मुरूम किंवा खडक लागत असेल, तर तेथे बाहेरून माती आणून भरणे लहान शेतकऱ्यास परवडत नाही.

खड्ड्यातील मूठभर माती भिजवून तळहातावर तिची वात वळून पाहावी. वात मुळीच वळत नसेल तर माती रेताड समजावी. तीत पाणी वारंवार द्यावे लागते. वात लांब वळून तिचे कडे करता येत असेल तर जमीन भारी होय. तीत निचऱ्याकडे लक्ष द्यावे लागते. वात वळते पण वाकविताना तुटते, अशी माती भाजीपाल्यास बहुधा मानवते.

निचरा पाहण्यासाठी एक फूट खोल खड्डा पाण्याने भरावा. ते पाणी जिरले की संध्याकाळी तो पुन्हा भरावा. सकाळीही त्यात पाणी दिसले, तर निचरा बेताचा आहे असे समजावे. खालच्या थरात करडी माती व तीत तांबूस ठिपके आढळणे, हेदेखील तेथे पाणी साचून राहत असल्याचे लक्षण आहे. निचऱ्याचा दोष थोडा असेल तर गादीवाफे करून काम भागते. परंतु सखल जागी सभोवारचे पाणी येऊन साचत असेल, तर गादीवाफ्यांचाही इलाज चालत नाही.

पृष्ठभागावर पांढरी पुटे दिसत असल्यास जमीन खारवट असण्याचा संभव असतो. ओली असता निसरडी व चिकट होणारी आणि वाळली म्हणजे दगडासारखी कठीण बनणारी जमीन चोपण असू शकते. अशी शंका आल्यास मातीपरीक्षण अवश्य करावे. त्यासाठी तुकड्यातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती खरवडून घ्यावी, ती एकत्र मिसळावी आणि तीतून अर्धा किलो नमुना सावलीत वाळवून पाठवावा. बांध, झाडाखालची जागा, विहिरीचा काठ व उकिरड्याची जागा येथील माती घेऊ नये. आम्ल-विम्ल निर्देशांक ६.५ ते ७.५ च्या दरम्यान असल्यास बहुतेक भाज्यांस तो अनुकूल असतो. तो ८.५ च्या वर गेल्यास तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या योजनेखाली त्या शेताची पत्रिका पूर्वी निघालेली असल्यास ती जमीनधारकाकडून पाहून घ्यावी.

कोकण व गोव्यात परीक्षेचा रोख थोडा वेगळा असावा. जांभ्याच्या वरकस जमिनीत निचरा चांगला असतो, परंतु माती उथळ असते आणि पावसाळा संपताच ओल उडून जाते. भात निघालेल्या सखल खाचरात हिवाळ्यात भाजीस ओल मिळते. तोच तुकडा पावसाळ्यात मात्र पाण्याखाली असतो. खाडीजवळच्या जमिनीत उन्हाळ्यात क्षार वर येतात. तेव्हा तेथे जागा कोणत्या हंगामासाठी घ्यावयाची, हे आधी ठरवावे.

ऊन आणि सावली

फळभाज्यांस दिवसातून निदान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. येथे नवख्याची हमखास फसगत होते. वैशाखात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्यामुळे झाडाची सावली त्याच्या बुंध्याशीच पडते आणि शेजारचा तुकडा उन्हात न्हालेला दिसतो. परंतु डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्या वेळी महाराष्ट्रात भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी लांब पडते व ती उत्तरेकडे जाते. तुकड्याच्या दक्षिणेस तीस फूट उंचीची झाडे असतील, तर ऐन रब्बी हंगामात बांधापासून सत्तावीस-अठ्ठावीस फुटांपर्यंतची पट्टी दुपारीही सावलीत राहील. सकाळ-संध्याकाळी ही सावली आणखी लांबते. म्हणून दक्षिण बाजूस काय आहे, हे आवर्जून पाहावे. सावलीखेरीज मोठ्या झाडांची मुळे वाफ्यातील पाणी व अन्नही ओढून घेतात, हे वेगळेच. पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाळी वाऱ्यास अडविण्यासाठी मात्र शेवरी किंवा मका यांची ओळ लावता येते. हा दोष सुधारण्यासारखा आहे.

तण व मागील पीक

तण पाहून जागा नाकारू नये. जेथे तण दाट व हिरवेगार आहे, तेथे बहुधा ओल व माती दोन्ही असतात. मात्र तण कोणते आहे, हे ओळखावे. गाजरगवतासारखी बियांपासून येणारी तणे फुलण्यापूर्वी उपटीत राहिल्यास हळूहळू हटतात. लव्हाळा व हरळी यांचा नायनाट एका मशागतीने होत नाही. नुसती नांगरट केल्यास लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काशा तुटून अधिकच पसरतात. अशी जमीन चैत्र-वैशाखात खणून उन्हात तापू द्यावी व गाठी-काशा हाताने वेचाव्यात. हे काम कष्टाचे आहे व त्यास दोन-तीन उन्हाळे लागतात, याची जाणीव ठेवूनच असा तुकडा घ्यावा.

त्या जागी पूर्वी वांगी, टोमॅटो किंवा मिरची सतत घेतली जात असल्यास जुनी झाडे उपटून मुळे तपासावीत. मुळे जागोजागी फुगून गाठाळ झाली असतील, तर तेथे सूत्रकृमींचा उपद्रव आहे. कडधान्यांच्या मुळांवरील उपयुक्त गाठींशी त्यांची गल्लत करू नये. त्या गाठी मुळाला वरून चिकटलेल्या असतात व बोटाने सहज सुटतात. सूत्रकृमींच्या गाठी म्हणजे मूळच फुगलेले असते, त्या सुटत नाहीत. मका किंवा ऊस यांत तणनाशक वापरले असल्यास त्याचा अंश जमिनीत राहिलेला असू शकतो. शंका आल्यास तेथील माती दोन-चार डब्यांत भरून तीत मेथी व काकडी पेरावी. रोपे उगवून दोन-तीन आठवडे हिरवीगार राहिली, तर चिंतेचे कारण उरत नाही.

अंतर, वाट आणि राखण

भाजीपाला हे रोजच्या देखरेखीचे पीक आहे. भेंडी व गवार दोन दिवस तोडली नाही तर जून होते. रोपांवरील किडीचा प्रादुर्भाव चार दिवस ध्यानी आला नाही तर तो हाताबाहेर जातो. दोन मैलांवरील उत्तम तुकड्यापेक्षा हाकेच्या अंतरावरील मध्यम तुकडा नवख्यास अधिक भाजी देतो. जाण्यायेण्याची वाट कोणाच्या बांधावरून जाते, पावसाळ्यात ती चालू राहते काय, मोकाट जनावरे व रानडुकरे यांचा त्रास कितपत आहे, हेही पाहावे. कुंपणाचा खर्च खंडात मिळविल्याखेरीज स्वस्त तुकडा खरोखर स्वस्त आहे की नाही, ते कळत नाही.

व्यवहार स्पष्ट असावा

जमीन सुधारण्याचे फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिळते. पहिल्या वर्षी घाम गाळून तण काढावे, खत घालावे आणि वर्षअखेर जमीनधारकाने तुकडा परत मागावा, असे घडल्यास सर्व श्रम दुसऱ्याच्या पदरात जातात. म्हणून मुदत निदान तीन वर्षांची असावी. सातबारा उतारा पाहून जमीन कोणाच्या नावावर आहे, सहहिस्सेदार किती आहेत आणि विहिरीची नोंद आहे काय, याची खात्री करून घ्यावी. १९४८ च्या कुळकायद्याच्या धास्तीने पुष्कळ जमीनधारक कागद करण्यास कचरतात. तेव्हा कोणत्या स्वरूपाचा करार कायद्यास धरून होईल, याची चौकशी तहसील कार्यालयात दोन्ही पक्षांनी मिळून करावी. खंड, मुदत, पाण्याची पाळी व विजेच्या बिलाचा वाटा या चार गोष्टी आरंभीच स्पष्ट झाल्या म्हणजे पुढील तंटे टळतात.

तीन तुकड्यांचा निवाडा

आता पूर्वीच्या तीन तुकड्यांकडे वळू. माळाजवळच्या स्वस्त तुकड्यात खड्डा घेताच वीतभर खाली मुरूम लागला, आणि जवळची विहीर फाल्गुनातच तळ गाठते असे कळले. हे दोन्ही दोष न सुधारणारे आहेत. ओढ्याकाठच्या तुकड्यात माती उत्तम आहे. परंतु काठावरच्या बाभळींच्या फांद्यांत माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर पुराचा पालापाचोळा अडकलेला दिसला. तेथे हिवाळ्यात पीक येईल, परंतु पावसाळी भाजी व केलेले कुंपण यांचा भरवसा नाही. विहिरीशेजारच्या पडीक तुकड्यात दोन फूट माती आहे, वैशाखातही पाणी आहे, दक्षिणेस झाडे नाहीत आणि घर जवळ आहे. त्याचे दोष तण, खड्डे व खताची उणीव एवढेच आहेत. गुंठ्यास दोन ते अडीच क्विंटल चांगले कुजलेले शेणखत, उन्हाळी खणणी आणि पावसाळ्यात फुलोऱ्यावर येताच गाडलेला ताग यांनी त्याचे रूप पालटू शकते. दिसण्यात सर्वांत वाईट असलेला तुकडाच येथे निवडण्यास योग्य ठरतो. तोही पहिल्या वर्षी सर्वच्या सर्व लागवडीस न आणता, एका गुंठ्यात भाजी करावी आणि उरलेल्या दीड गुंठ्यात तण काढण्याचे व ताग गाडण्याचे काम करावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबाबरोबर प्रत्यक्ष जागेवर जावे. एका कागदावर दोन रकाने आखून एकात सुधारता येणारे व दुसऱ्यात न सुधारणारे दोष त्या कुटुंबाकडूनच भरून घ्यावेत. दुसऱ्या रकान्यात पाणी, मातीची खोली किंवा पूर यांपैकी एकही शब्द आला, तर खंड कितीही कमी असला तरी तो तुकडा सोडून द्यावा. पहिला रकाना कितीही भरला तरी हरकत नाही. तो रिकामा करणे कुटुंबाच्या हातात असते. जागा पाहण्यात चार दिवस अधिक गेले तरी लागवडीचा हंगाम टळत नाही, आणि पहिल्या वर्षी चार वाफे हिरवे झाले म्हणजे पुढील वर्षी आठ वाफे करण्याचा उत्साह त्या कुटुंबास आपोआप येतो.